जुन्या जीप ॲम्ब्युलन्सचे मालक शोधताना : कामाच्या नोंदी

जुनी गाडी घेतली आणि आधी कुणाकुणाची होती ते शोधायचं म्हटलं तर कुठं जायचं, काय मागायचं, हे नीट लिहिलेलं मला कुठंच मिळालं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतोय. तारखा वहीतल्या आहेत. कामावर असलेल्या कुणाचंही नाव टाकलेलं नाही.

११ ऑगस्ट २०२४

शिरोळ तालुक्यात एका वीटभट्टीमागं गाडी उभी होती. महिंद्राची लांब चासीची जीप, उंच बॉनेटवाली, मागं लाकडी सांगाड्यावर पत्र्याची बॉडी. आत दोन्ही बाजूला बाक, डावीकडचा बाक उचलला की खाली स्ट्रेचर सरकवायच्या दोन पट्ट्या. त्या पट्ट्या बघितल्यावर मी भाव करायचं सोडूनच दिलं. ४२,००० ला ठरली, क्रेन आणि टेम्पो धरून कोल्हापुरात उद्यमनगरच्या गॅरेजपर्यंत आणायला ९,५०० वेगळे.

कागद म्हणजे आरसी बुकाच्या शेवटच्या पानाची एक झेरॉक्स, तीही २०१९ च्या महापुरात भिजून वाळलेली. नाव भट्टीवाल्याचं नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या ट्रस्टचं. भट्टीवाले अण्णा म्हणाले, "२००४ ला घेतली तवा सह्या केलेले फॉर्म दिलेते, ते पुरात गेले." म्हणजे वीस वर्षं गाडी त्यांच्या दारात आणि कागदावर दुसऱ्याची. हे पैसे द्यायच्या आधी विचारायला पाहिजे होतं, मी दिल्यावर विचारलं.

अण्णांनी अजून एक सांगितलं, की ही गाडी कोयनेच्या भूकंपात जखमी वाहत होती. माझी आजी पाटणची, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या गोष्टी लहानपणी तिच्या तोंडून ऐकत झोपलोय. त्यामुळं हे ऐकल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही.

१८ ऑगस्ट

चासी नंबर काढायला बसलो आणि पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठी चूक झाली. पुढच्या चाकाजवळ चासीच्या पट्टीवर गंजाचा थर होता, मी चहाला गेलो तेवढ्यात गॅरेजच्या पोरानं हौसेनं त्यावर ग्राइंडर फिरवला. दोनच सेकंद. पण एका आकड्याचा डावा भाग पुसट झाला, आता तो ३ आहे का ८ ते कळेना, आणि झेरॉक्सवर नेमका तोच आकडा पाण्यानं फुगलेला.

पोराला बोललो नाही, सांगून जायचं काम माझं होतं.

चासी नंबरला ग्राइंडर, वायर कप, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका. नंबर घासलेला दिसला की तपासणीवाला पहिल्यांदा चोरीचाच संशय घेतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर बांधून ठेवायचं, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं हळू काढायचं. नंतर मी तसंच केलं. रात्री दिवे बंद करून टॉर्च पट्टीला अगदी टेकवून आडवी धरली, खडूची पूड बोटानं चोळली, वर पातळ ट्रेसिंग पेपर सेलोटेपनं चिकटवला आणि टू-बी पेन्सिल आडवी करून घासली. अकरा प्रिंट काढल्या. आठव्या प्रिंटमध्ये डावीकडं एक बारीक वळण दिसल्यासारखं वाटतं. वाटतं एवढंच, खात्री नाही.

इंजिन नंबरचा विषय वेगळाच निघाला. या उंच बॉनेटच्या जीपला मुळात एफ-हेड नावाचं उंच पेट्रोल इंजिन असतं, बॉनेट उंच आहे ते त्याच्यासाठीच. आत बघितलं तर पूजो या फ्रेंच कंपनीचं डिझेल इंजिन बसवलेलं. महिंद्राकडं हे इंजिन १९८० च्या आसपास आलं, म्हणजे गाडी जुनी आणि इंजिन बरंच नंतरचं. हेही शोधायच्या यादीत टाकलं.

२५ ऑगस्ट

वाहन पोर्टलवर नंबर टाकला, रेकॉर्ड सापडत नाही. तीन अक्षरांच्या जुन्या नंबरच्या गाड्यांचं असंच असतं, आरटीओमध्ये कुणी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरमधली नोंद कॉम्प्युटरवर, केली असेल तरच त्या दिसतात. याचा अर्थ गाडी बोगस असा नाही, घाबरू नका.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय या वेबसाइटवर चोरीची चौकशी केली. आकडा ३ धरून एकदा आणि ८ धरून एकदा. दोन्हीला नोंद नाही. प्रिंट काढून फायलीत लावली. हे काम पहिल्या दिवशी, पैसे द्यायच्या आधी करायचं असतं.

१२ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीत रंग उतरवायला घेतला. यावेळी घाई केली नाही. मागच्या दारावर तळहाताएवढी जागा घेऊन चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी मारत, प्रत्येक थराची बोटभर पट्टी ठेवत खाली गेलो, विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं. वरून खाली असे थर लागले: पिवळा, मग पांढऱ्यावर हिरवा पट्टा, मग साय रंग आणि त्यावर निळ्या अक्षरांचे तुकडे, मग नुसता गडद करडा, आणि सगळ्यात खाली पांढरा. त्या खालच्या पांढऱ्यावर लाल अधिक चिन्हाचा एक हात.

पाच थर. मी वहीत लिहिलं, पाच रंग म्हणजे पाच मालक असावेत. माहीत होते दोनच.

आणि लगेच दुसरी चूक केली. लाल क्रॉस बघून ठरवून टाकलं की पहिला मालक रेडक्रॉस. पत्रं लिहिली, फोन केले, एकदा साताऱ्याला जाऊन आलो, यात पाच आठवडे गेले. त्यांच्याकडं असली नोंदच नव्हती, असायचं कारणही नव्हतं. त्या काळी ज्यानं त्यानं आपल्या ॲम्ब्युलन्सवर लाल क्रॉस काढलेला आहे. खरं तर ते चिन्ह कुणीही वापरू नये असा १९६० चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा आपल्याकडं आहे, पण रंगाऱ्याला ते कोण सांगणार. दारावरच्या क्रॉसवरून मालक ठरवू नका. आणि आता रंगवणार असाल तर तो क्रॉस परत काढूही नका.

२९ सप्टेंबर

ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर रेग्झिनखाली ॲल्युमिनियमची एक छोटी पट्टी मिळाली, बॉडी बांधणाऱ्याची. नाव खरवडलेलं, पत्त्याचा शेवट मात्र स्वच्छ: "पुणे २". पिनकोड नाही. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे बॉडी बहुतेक त्याच्या आधीची. पक्का पुरावा म्हणता येणार नाही, कारण जुन्या पट्ट्या छापून ठेवलेल्या असू शकतात. पण कोयनेची गोष्ट खरी असायची शक्यता जिवंत राहिली आणि मला त्या दिवशी फार आनंद झाला.

७ ऑक्टोबर

आरटीओकडं माहितीचा अधिकार टाकला होता तो परत आला. मी एकाच अर्जात नोंदणी, हस्तांतरण, इंजिन बदल, फिटनेस, सगळं विचारलं होतं, दोन पानं भरून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. परत लिहिला, चारच ओळीत: अमुक नंबरच्या वाहनाच्या नोंदणी रजिस्टरमधल्या पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंतच्या उताऱ्याची प्रत मिळावी. दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प. माणसांची नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. नोंदीची प्रत मागा.

आरटीओत याला बी-एक्स्ट्रॅक्ट म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा. खिडकीवर जाऊन "गाडीचा इतिहास पाहिजे" म्हटलं की समोरचा नुसता बघत राहतो, "बी-एक्स्ट्रॅक्ट" म्हटलं की विचारतो, नोंदणीकृत मालक तुम्हीच का? आणि तिथंच मी अडकत होतो.

१९ ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता लागली. सगळीकडं निम्मा स्टाफ निवडणुकीच्या कामाला. नोव्हेंबर अखेरपर्यंत काही हलणार नाही असं सगळ्यांनीच सांगितलं, आणि हललं नाही.

३ डिसेंबर

मधल्या काळात ट्रस्टच्या मागं लागलो. दवाखाना कधीच बंद झालाय, इमारतीत आता क्लास चालतात. पण ट्रस्ट म्हटलं की धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्याचं रजिस्टर असतं, पीटीआर म्हणतात, त्याच्या परिशिष्ट १ मध्ये विश्वस्तांची नावं, स्थावर आणि जंगम मालमत्ता लिहिलेली असते. गाडी म्हणजे जंगम मालमत्ता! हे मला एका वकीलकाकांनी चहा पिता पिता सांगितलं. नक्कल मागायला ट्रस्टचा नोंदणी क्रमांक लागतो, तो दवाखान्याच्या जुन्या केसपेपरवर छापलेला मिळाला. केसपेपर कुठं मिळाला? समोरच्या औषध दुकानात, त्यांच्या काउंटरच्या काचेखाली अजून एक होता.

नक्कल हातात आली. जंगमच्या रकान्यात एक ओळ: रुग्णवाहिका जीप, जुनी, १९९६, आणि पुढं ज्या सहकारी साखर कारखान्याकडून घेतली त्याचं नाव.

साय रंगावरची निळी अक्षरं! गॅरेजला परत येऊन तो थर अजून वीतभर उघडा केला. "...री साखर का..." एवढं वाचता आलं.

विश्वस्तांपैकी एकच हयात आहेत, ८४ वर्षांचे. त्यांना भेटलो. पहिल्यांदा दारातूनच म्हणाले, ट्रस्टचा विषय नको. मी रंगाच्या पायऱ्यांचा फोटो दाखवला. तो त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन डोळ्याजवळ धरला आणि हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा पट्टा मी मारून घेतलेला. या बसा." त्यांनी अधिकारपत्रावर सही दिली. आता मालकाच्या वतीने अर्ज करता येणार.

२० डिसेंबर

बी-एक्स्ट्रॅक्ट मिळाला. नोंदणीकृत मालक तीन:

सातारा जिल्हा परिषद, आरोग्य विभाग. पहिली नोंदणी मार्च १९६९.

साखर कारखाना, १९८५. त्याच पानावर लाल शाईत पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवल्याची नोंद, नव्या इंजिन नंबरासह. तो नंबर गाडीतल्या इंजिनाशी तंतोतंत जुळला.

ट्रस्ट, १९९६.

चासी नंबरातला तो आकडा ८. माझी आठवी प्रिंट बरोबर होती. खिडकीवरच्या बाईंना मी ती प्रिंट दाखवली, त्यांनी रजिस्टरला चिकटवलेली १९६९ ची पेन्सिल प्रिंट काढून शेजारी ठेवली. पंचावन्न वर्षांपूर्वी कुणीतरी अशीच पेन्सिल आडवी धरून घासलेली, कागद तांबूस झालेला पण आकड्यांच्या कडा तशाच.

आणि मार्च १९६९. भूकंप डिसेंबर १९६७. गाडी जन्मायच्या आधी सव्वा वर्ष. कोयनेची गोष्ट संपली. घरी येऊन आईला सांगितलं, ती म्हणाली, "अरे पण सांगणाऱ्यानं काहीतरी बघितलं असंल की." तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

१० जानेवारी २०२५

हिशोब लागत नव्हता. रंग पाच. कागदावर तीन मालक, भट्टीवाले धरून चार. गडद करडा रंग कुणाचा?

जिल्हा परिषदेत गेलो. तिथं रेकॉर्डचं वर्गीकरण असतं: अ कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. गाडीची लॉगबुकं मुदत संपल्यावर नष्ट केलेली. ज्यात रोजचा प्रवास, पेशंट, पेट्रोल, सगळं असणार, तीच नाहीत. याचं मला जितकं वाईट वाटलं तितकं या कामात दुसऱ्या कशाचं वाटलं नाही.

पण अभिलेख कक्षातले एक भाऊ फार चांगले निघाले. म्हणाले, लॉगबुक सोडा, निर्लेखन (वस्तू बाद करणं) आणि लिलावाची नस्ती, म्हणजे फाइल, बघू. जडवस्तू रजिस्टरवरून (टिकाऊ सामानाची नोंदवही) निर्लेखनाचा आदेश क्रमांक, त्यावरून नस्ती. दोन दिवस दोघांनी मिळून गठ्ठे सोडले, नाकाला रुमाल बांधून. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मिळाली. १९८३ चा लिलाव, तीन जीपा एका लॉटमध्ये, "इंजिन निकामी, टप गळका", आणि घेणारा कराडचा एक गॅरेजवाला. त्यानं नावावर करून घेतलीच नाही. डिझेल बसवलं, करडा प्राइमर मारला आणि दोन वर्षांनी जिल्हा परिषदेच्याच कागदावर कारखान्याला विकली.

पाच रंग, पाच मालक. आरटीओच्या कागदावर जो माणूस नाही तो दारावर होता. म्हणून सांगतो, गाडी आली की आधी पूर्ण रंग खरवडून टाकू नका. एका कोपऱ्यात पायऱ्या काढा, प्रत्येक पायरीचा पट्टी ठेवून फोटो घ्या, मग पुढचं.

त्याच नस्तीत एक कागद असा, की गाडी पाटण तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडं होती. ड्रायव्हरचं नाव आणि गावही.

२ फेब्रुवारी

कारखान्याचे रिटायर कंपाउंडरमामा भेटले. गळीत हंगामात ही गाडी रोज ऊसतोडीच्या अड्ड्यावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या खोपटांवर, असायची. टोळ्या बहुतेक बीडच्या. कोयता लागलेले, बैलगाडीखाली सापडलेले, साप चावलेले. बायका फडात शेवटच्या दिवसापर्यंत मोळ्या उचलायच्या आणि कळा सुरू झाल्या की मग गाडीला निरोप यायचा. मामा म्हणाले, तीन बाळंतपणं तर गाडीतच झाली, एकदा मुसळधार अवकाळीत ओढ्याला पाणी आलं म्हणून गाडी अलीकडंच थांबवली, ड्रायव्हरनं बाहेर उभं राहून दाराला धोतर धरलं आणि आत अड्ड्यावरच्याच एका म्हातारीनं सोडवलं. पोर जगलं का, विचारलं. "जगलं तर. पुढच्या हंगामाला पाचटात खेळत होतं."

डाव्या बाकाच्या खाली लाकडाला चार-पाच ठिकाणी खोल नखाएवढे व्रण आहेत. मी ते पॉलिश करून घालवणार होतो. आता राहू देणार.

१६ फेब्रुवारी

पाटणकडच्या त्या गावात गेलो. ड्रायव्हर वारलेत. त्यांच्या पत्नी आहेत, आजी, ऐकू कमी येतं पण आवाज खणखणीत. नंबर सांगितला तर म्हणाल्या, "व्हय, ही नवी गाडी."

नवी?

सुनेनं आतून पत्र्याची पेटी आणली. फोटोत खाकी कपड्यातला तरुण माणूस, बॉनेटला टेकून उभा, मागं दवाखान्याची कौलं. जीपच आहे, पण टप कापडी आणि नंबर वेगळा. आजी म्हणाल्या, "ही जुनी. भूकंपाच्या टायमाला ही हुती. कोयनानगरासनं कऱ्हाडला फेऱ्या मारत हुतं हे, तीन दिवस घरला न्हाईत. आम्ही म्हणलं ह्येबी गेलं. मग ही मोडली आन नवी आली, ती तुमची." पुढं मुकादमांना, कारखान्याच्या माणसांना, लिलावात आलेल्यांना ते ड्रायव्हर कोयनेच्याच गोष्टी सांगत. ऐकणाऱ्यानं समोरच्या गाडीला त्या चिकटवल्या आणि गाडी विकत गेली तशा गोष्टीही गेल्या, थेट शिरोळच्या वीटभट्टीपर्यंत.

आईचं बरोबर होतं.

फोटोची मोबाइलवर नीट कॉपी काढली, मूळ फोटो त्यांच्याकडंच ठेवला. सूनबाईंनी विचारलं, गाडी चालू झाली की इकडं आणाल का, सासूबाईंना बघायची आहे. हो म्हटलंय.

९ मार्च

आजपर्यंतचा हिशोब. गाडी आणि वाहतूक सोडून फक्त शोधावर १४,३०० गेले, त्यातले निम्म्याहून जास्त पेट्रोल आणि एसटी. नकला, स्टॅम्प, अर्ज मिळून १,१०० सुद्धा नाहीत. वेळ सात महिने, त्यातले पाच आठवडे रेडक्रॉसच्या चुकीचे, सहा आठवडे आचारसंहितेचे.

ट्रस्टकडून माझ्या नावावर करायचं काम चालू आहे. फॉर्म २९ आणि ३० वर त्या विश्वस्तांनी सह्या केल्या, हात थरथरतो म्हणून एकेका सहीला पाच मिनिटं. सोबत २००४ साली गाडी विकल्याचा ठराव, तो त्यांच्या घरातल्या प्रोसिडिंग बुकात मिळाला, आणि भट्टीवाल्या अण्णांचं प्रतिज्ञापत्र. आरटीओनं तपासणीची तारीख दिली आहे, २४ मार्च.

व्हिंटेज नोंदणीचं बरेच जण विचारतात. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० फी, मुदत दहा वर्षं. पण गाडी खासगी वापराची पाहिजे आणि मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. माझ्या गाडीत १९८५ पासून डिझेल आहे. एफ-हेड इंजिन शोधून बसवलं तर नियमात बसवायचा प्रयत्न करता येईल, पण ऊसतोडीच्या अड्ड्यावर दहा-अकरा हंगाम गेलेलं इंजिन ते हेच. मी ते काढणार नाही. साधी नोंदणी मिळाली तरी बास.

रंगाऱ्याला सांगितलंय, पूर्ण गाडी पांढरी कर, क्रॉस काढायचा नाही. मागच्या दारावरच्या त्या पाच पायऱ्यांना लांबी (पुट्टी) लावायची नाही, फक्त क्लिअर कोट मारायचा. तो दोनदा विचारून गेला, नक्की ना. नक्की.

बॅटरी आणि डिझेल पंपाचं काम २० तारखेपर्यंत व्हायला पाहिजे. तपासणी झाली की पहिली फेरी पाटणची.